वाऱ्याची वाट आणि मुंबईची घरे

मुंबईच्या मरीन लाइन्स स्थानकापासून पूर्वेकडे एक सरळ, रुंद रस्ता निघतो आणि थेट काळबादेवीच्या गजबजाटात शिरतो. त्याचे आजचे नाव शामळदास गांधी मार्ग. जुन्या पिढीच्या तोंडी मात्र अजूनही प्रिन्सेस स्ट्रीट हेच नाव आहे. औषधांच्या घाऊक व्यापाराची तिथली वर्दळ सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु हा रस्ता आखला गेला तेव्हा गाड्यांइतकाच वाऱ्याचाही विचार झाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. अरबी समुद्रावरून येणारा वारा शहराच्या कोंदट मध्यभागापर्यंत पोहोचावा, हा त्याच्या आखणीमागचा एक प्रमुख हेतू होता. एखाद्या शहराने वाऱ्यासाठी वाट काढावी, त्यासाठी शेकडो घरे पाडावीत आणि पुढे शंभर वर्षांच्या आत तो धडा विसरून जावा, असा हा इतिहास आहे. आपल्या कुटुंबांच्या आरोग्याशी त्याचा निकटचा संबंध असल्याने तो समजून घेणे अगत्याचे आहे.

प्लेगचे वर्ष

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात काही रुग्ण अचानक दगावू लागले. सडकून ताप येई, काखेत वा जांघेत गाठ उठे आणि थोड्याच दिवसांत मृत्यू ओढवे. हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान धैर्याने जाहीर करणारे डॉक्टर होते अकासियो गॅब्रिएल व्हिएगस. गोव्यातील हडफडे या गावी १८५६ साली जन्मलेल्या या कॅथलिक डॉक्टरांचा पुतळा धोबीतलावच्या परिसरात मेट्रो चित्रपटगृहासमोर उभा आहे. पुढे १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले.

निदान झाले, पण शहर हादरले. काही महिन्यांतच सुमारे निम्मी मुंबई रिकामी झाली. गिरण्या ओस पडल्या, आगगाड्या आणि पडाव माणसांनी भरून वाहू लागले. १८९१च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटावी, यावरून आघाताची कल्पना येईल. गिरगाव, माझगाव, वांद्रे या भागांत रस्त्याच्या कडेला आजही जे जुने क्रूस आढळतात, त्यांपैकी कित्येक त्या काळातील नवसाचे आणि आर्ततेचे साक्षीदार आहेत. लोक त्यांना ‘प्लेगचे क्रूस’ म्हणूनच ओळखतात.

रोगाचे कारण काय, याविषयी त्या वेळी मोठा गोंधळ होता. प्लेगच्या जंतूचा शोध १८९४ साली हाँगकाँग येथे लागला होता. पण तो जंतू माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे नीट उमगले नव्हते. अनेक अधिकाऱ्यांचा विश्वास जुन्या कल्पनेवर होता, ती म्हणजे रोग कोंदट, दूषित हवेतून उद्भवतो. ‘मलेरिया’ हा शब्दही त्याच समजुतीतून आलेला आहे, कारण इटालियन भाषेत त्याचा मूळ अर्थच ‘वाईट हवा’ असा होतो. साहजिकच प्लेगवरचा उपाय म्हणून घराघरांत हवा आणि ऊन शिरवण्याचा सपाटा सुरू झाला. छपरांची कौले उतरवण्यात आली, भिंतींना चुना फासण्यात आला आणि ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे घरांवर रंगवण्यात आली. हे काम जबरदस्तीने झाले, त्यामुळे लोकांच्या मनात रोगाइतकीच सरकारचीही धास्ती बसली.

घरांना श्वास का नव्हता?

जुन्या मुंबईतील घरांची रचना पाहिली, म्हणजे अधिकाऱ्यांचा संशय अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही. किल्ल्याच्या उत्तरेस वसलेल्या मांडवी, भुलेश्वर, चकला, उमरखाडी या वस्त्यांत जमिनीला सोन्याचे मोल होते. घराचा दर्शनी भाग अरुंद आणि आतली खोली मात्र लांबच लांब, अशी बांधणी असे. एकामागोमाग एक खोल्या जात आणि मधल्या खोल्यांना खिडकी मिळतच नसे. दोन इमारतींच्या मध्ये जेमतेम एका माणसाला जाता येईल अशी घरगल्ली असायची. तीतून सांडपाणी वाहत असे आणि मैला वाहून नेणारे सफाई कामगार तिथूनच ये-जा करीत. मागच्या खोलीला खिडकी असलीच तर ती या घरगल्लीत उघडे, म्हणून घरातली माणसे ती बंदच ठेवीत. वर मजल्यांवर मजले चढत गेले, भाडेकरू वाढत गेले आणि खालच्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावण्याची पाळी आली.

इथे वाऱ्याचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. वारा एखाद्या इमारतीवर आदळला, की समोरच्या बाजूस हवेचा दाब वाढतो आणि पाठीमागच्या बाजूस तो कमी होतो. खोलीला दोन्ही बाजूंना उघडी जागा असेल, तर हा फरक हवेला एका बाजूने आत ढकलतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर ओढून घेतो. एकाच बाजूला खिडकी असेल, तर हवा उंबऱ्याशी घुटमळते. आलेल्या हवेला जायला वाट नसेल, तर नवी हवा येणार तरी कशी?

जे खोलीचे, तेच गल्लीचे. दोन इमारतींमधले अंतर त्यांच्या उंचीच्या मानाने पुरेसे असेल, तर छपरावरून जाणारा वारा खाली उतरतो आणि रस्ता धुऊन काढतो. अंतर कमी होत गेले, की वारा छपरांवरूनच घसरत पुढे निघून जातो. खाली उरते ती जागच्या जागी फिरणारी, मंद, वापरलेली हवा. माथ्यावर समुद्राचा वारा सुसाट वाहत असतानाही तळमजल्यावरचे माणूस घामाने थबथबलेले असते, त्याचे कारण हे आहे.

आपले पूर्वज याविषयी अजाण नव्हते. वाड्याचा चौक, घराची पडवी, चाळीचा लांब सज्जा ही सारी हवेची गणितेच होती. प्राचीन रोममधील वास्तुविशारद विट्रुव्हियस याने आपल्या लॅटिन ग्रंथात नगराचे रस्ते वाऱ्याच्या दिशा पाहून आखावेत, असे सांगितले आहे. मात्र त्याचा हेतू बोचऱ्या वाऱ्यापासून नगराचा बचाव करण्याचा होता. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५७३ साली अमेरिकेतील नव्या नगरांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत थंड प्रदेशात रस्ते रुंद आणि उष्ण प्रदेशात अरुंद असावेत, असे म्हटले आहे. कोरड्या उन्हाळ्याच्या देशात अरुंद गल्ली सावली देते, म्हणून तिथे ती वरदान ठरते. मुंबईची गोष्ट निराळी आहे. इथे उकाडा दमट आहे. अंगावरचा घाम सुकला तरच जिवाला गारवा मिळतो आणि घाम सुकण्यासाठी वारा लागतो. म्हणून एका मुलखात हितकर ठरणारी गल्ली दुसऱ्या मुलखात जाच ठरू शकते.

ट्रस्टचा कुऱ्हाडीचा घाव

प्लेगचा जोर ओसरेना, तेव्हा सरकारने १८९८ साली कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १८६६ साली असाच प्रयोग सुरू झाला होता, त्याचा आदर्श मुंबईपुढे होता. दाट वस्त्या मोकळ्या करणे, नवे रस्ते काढणे आणि गरिबांसाठी आरोग्यदायी घरे बांधणे ही ट्रस्टची मुख्य कामे होती.

मुंबईचा कोरड्या ऋतूतील समुद्रवारा प्रामुख्याने पश्चिम आणि वायव्य दिशांकडून येतो, पावसाळ्यातला नैर्ऋत्येकडून. म्हणून पश्चिमेच्या किनाऱ्याकडून पूर्वेकडे जाणारे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढायचे, असे ठरले. प्रिन्सेस स्ट्रीट हा त्यांपैकी एक. चौपाटीच्या बाजूने डोंगरीकडे जाणारा सँडहर्स्ट रोड हा दुसरा. त्याच्या पश्चिमेकडील भागाला आज सरदार वल्लभभाई पटेल यांचे नाव आहे. नागपाडा आणि आग्रीपाडा येथेही योजना राबवण्यात आल्या.

या आखणीत आपल्या समाजाचे एक जुने ठाणेही सापडले. काळबादेवीजवळील कावेल ही एतद्देशीय कॅथलिकांची प्राचीन वस्ती. प्रिन्सेस स्ट्रीटने तिचा काही भाग गिळला आणि अनेक कुटुंबांना दुसरीकडे आसरा शोधावा लागला. वाऱ्यासाठी काढलेल्या वाटेची किंमत कोणी मोजली, याचे उत्तर कावेलसारख्या वस्त्यांनी द्यावे. ट्रस्टने आरंभीच्या वर्षांत जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत. ज्यांची खोली गेली ते गरीब भाडेकरू कामापासून दूर जाऊ शकत नव्हते, त्यामुळे ते शेजारच्या गल्लीतील आधीच भरलेल्या चाळीत शिरले. एका गल्लीची हवा मोकळी झाली, ती दुसऱ्या गल्लीची कोंडून.

रस्त्यांबाबतही एक विपरीत घडले. नव्या रस्त्यांच्या कडेची जमीन महाग ठरली आणि तिथे चार-पाच मजल्यांच्या इमारती एकीला एक चिकटून उभ्या राहिल्या. रस्त्यावर वारा आला, पण या अखंड भिंतीच्या पाठीमागे ज्या जुन्या गल्ल्या होत्या, त्यांच्यापर्यंत तो पोहोचेना. वाऱ्याला दार उघडून दिले आणि आतला पडदा तसाच राहिला, असे काहीसे झाले.

चुकलेले कारण, बरोबर उपाय

दरम्यान विज्ञान पुढे गेले. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराची येथे केलेल्या प्रयोगातून प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, असे दाखवले. त्या वेळी त्याला फारसे कोणी मानले नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतून झालेल्या विस्तृत संशोधनाने मात्र ते निर्विवाद सिद्ध केले. म्हणजे गाठीच्या प्लेगचा उगम कोंदट हवेत नव्हता, तर उंदीर आणि पिसवा यांच्यात होता. ज्या समजुतीवर ट्रस्टचा डोलारा उभा होता, तिचा पायाच निसटला.

मग वारा आणि उजेड यांसाठी केलेला खटाटोप व्यर्थ होता काय? तसे म्हणता येत नाही, आणि या इतिहासातील मर्म इथेच आहे. त्याच अंधाऱ्या खोल्यांत प्लेगपेक्षा सावकाश, आवाज न करता माणसे मारणारा एक रोग दबा धरून बसला होता. तो म्हणजे क्षय. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू १८८२ साली शोधून काढला होता. क्षयरोगी खोकतो तेव्हा जंतू हवेत मिसळतात आणि कोंडलेल्या खोलीत ते बराच काळ तरंगत राहतात. खेळती हवा त्यांना विरळ करते आणि बाहेर नेते. ऊन त्यांना मारते. म्हणजे प्लेगसाठी सुचवलेला उपाय क्षयाला अचूक लागू पडत होता.

हे ओळखून घरांचा प्रश्न नव्याने मांडणारे गृहस्थ म्हणजे १९०९पासून ट्रस्टचे अध्यक्ष असलेले जे. पी. ऑर. १९१२ साली त्यांनी मुंबईच्या घरांतील उजेड आणि हवा या विषयावर एक व्याख्यान दिले. ‘हवा पुरेशी हवी’ असे मोघम सांगून भागणार नाही, तिचे माप ठरले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ते माप म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढली, तर तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक असता कामा नये. साध्या भाषेत सांगायचे तर समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको. दहा मीटर अंगण असेल, तर वीस मीटरपर्यंत उंची चालेल. प्रत्येक राहत्या खोलीला निदान एका बाजूने तरी अशी मोकळीक मिळालीच पाहिजे, असे ऑर यांचे म्हणणे होते. युरोपातील आरोग्यतज्ज्ञ पंचेचाळीस अंशांचा, म्हणजे जितकी उंची तितके अंतर असा, आग्रह धरीत. मुंबईच्या जमिनीचे भाव पाहता तो इथे परवडणारा नव्हता. मुंबईचा नियम म्हणजे आधीच केलेली तडजोड होती, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

सरसकट पाडापाडीपेक्षा एखादी पडीक इमारत किंवा तिचा एखादा भाग काढून गल्लीला श्वास द्यावा, हा मार्गही पुढे ऑर यांनी पुरस्कारला. त्याच सुमारास भारतात आलेले स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस हेही अशाच मताचे होते. शहर हा जिवंत देह आहे, त्यावर कुऱ्हाड चालवू नये, शल्यविशारदाच्या हाताने जपून उपचार करावा, असे ते सांगत. गल्लीतील दोन-चार मोडकी घरे काढून तिथे लहानसा चौक करावा, झाड लावावे, म्हणजे हवाही येते आणि शेजारही मोडत नाही. गेडिस १९१९पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

दोन वाटा

यानंतर मुंबईच्या घरबांधणीला दोन वाटा फुटलेल्या दिसतात. पहिली वाट दादर-माटुंग्याकडे जाते. ट्रस्टने तिथल्या मोकळ्या जमिनीवर रस्ते, बागा आणि सुटे भूखंड आखले. इमारतीच्या चारी बाजूंना मोकळी जागा राहिली, उंची बेताची ठेवली गेली. दादरच्या पारशी कॉलनीतून फिरताना झाडांच्या सावलीत जो वारा अंगाला लागतो, तो या आखणीचे फळ आहे. वांद्र्यामध्ये १९१८ साली स्थापन झालेल्या साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्थेनेही बागबगीचा असलेल्या बंगल्यांची वस्ती उभी केली. दाट वस्तीला कंटाळलेल्या मध्यमवर्गीय कॅथलिक कुटुंबांना तिथे सहकाराच्या बळावर मोकळी हवा मिळाली.

दुसरी वाट कामगारांच्या वाट्याला आली. १९२० साली स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे काँक्रीटच्या चाळी बांधल्या. त्यांनाच आपण बीडीडी चाळी म्हणतो. सुमारे सोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु जुन्या चाळीचा उघडा सज्जा गेला आणि मध्ये अंधारी बोळ, दोन्ही बाजूंना एकेक खोली, अशी रचना आली. वाऱ्याचा एक दरवाजा पुन्हा बंद झाला. १९३३ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे काम महापालिकेत विलीन झाले. त्याच्या पुढच्या काळात क्षयावर गुणकारी औषधे निघाली आणि रोगाचे भय कमी झाले. भय कमी झाले तसे अंगणाचे मोलही कमी वाटू लागले.

आजचा हिशेब

झोपडपट्टीतील वा रस्तारुंदीत विस्थापित झालेल्या कुटुंबांना पक्की घरे मिळावीत, या चांगल्या हेतूने गेल्या काही दशकांत मुंबईत मोठ्या पुनर्वसन वसाहती झाल्या. कमी जागेत अधिक घरे बसावीत म्हणून इमारतींमधील अंतराचे नियम सैल करण्यात आले. गोवंडी-मानखुर्द भागातील अशा तीन वसाहतींचा अभ्यास मुंबईतील संशोधकांनी केला आणि तो २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत इमारती एकमेकींना अगदी खेटून आहेत. तिसरी, पीएमजीपी कॉलनी, त्यामानाने मोकळी आहे. जिथे ऊन आणि वारा पोहोचत नव्हता तिथे क्षयाचे रुग्ण कितीतरी अधिक आढळले. खालच्या मजल्यांची अवस्था अधिक वाईट होती.

ऑर यांच्या मापाने हे तपासून पाहू. दोन इमारतींमध्ये तीन मीटर अंतर आणि आठ मजल्यांची, म्हणजे चोवीस मीटरच्या आसपास उंची असेल, तर कोन सुमारे त्र्याऐंशी अंशांचा होतो. १९१२ साली, परकीय राजवटीत, मुंबईच्या गरिबाला निदान जेवढे आकाश दिसावे असे ठरले होते, त्याच्या पावपट आकाश त्याच्या पणतवाला स्वतंत्र देशात मिळते आहे. कारण त्या जुन्या नियमाने चोवीस मीटर उंचीला बारा मीटर अंतर लागले असते.

याला उंच इमारती दोषी आहेत, असे मात्र समजू नये. उंच इमारत पुरेशा अंतरावर असेल, तिच्या खोल्यांना दोन बाजू असतील आणि ती वाऱ्याच्या वाटेवर आडवी पसरलेली नसेल, तर तिच्यातही हवा उत्तम खेळते. उलट ठेंगण्या घरांची दाट गर्दीही गुदमरवू शकते. प्रश्न उंचीचा नसून उंची आणि अंतर यांच्या प्रमाणाचा आहे. २०२०-२१च्या करोना साथीने हवेतून पसरणाऱ्या रोगाची आठवण पुन्हा सर्वांना करून दिली. ज्या घरात दोन खिडक्या समोरासमोर होत्या, त्या घराने त्या दिवसांत त्यांचे मोल ओळखले असेल.

वाचकहो, हा विषय केवळ अभियंत्यांवर सोपवून चालणार नाही. मुंबईत जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास होतो आहे. गावठाणांत बैठी घरे पाडून मजले चढत आहेत. वसईच्या वाड्यांतही इमारती उभ्या राहत आहेत. अशा वेळी सभासदांच्या बैठकीत चर्चा होते ती किती चौरस फूट वाढीव मिळणार, भाडे किती मिळणार आणि वाहनासाठी जागा मिळणार का, यांची. नकाशा समोर पसरला असताना आणखी काही प्रश्न विचारायला हवेत. शेजारच्या इमारतीपासून अंतर किती? प्रत्येक खोलीला खिडकी कोणत्या दिशेला? वारा आत आला तर बाहेर पडायला वाट आहे का? सर्वांत खालच्या मजल्यावर, जिथे बहुधा म्हातारी माणसे राहतील, तिथे दुपारी दिवा लावावा लागेल का? आणि आपल्या इमारतीच्या पाठीमागे जे गरीब शेजारी राहतात, त्यांचा वारा आपण अडवतो आहोत का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. वारा कोणाच्या मालकीचा नसतो, त्याची नोंद सातबाऱ्यावर होत नाही, म्हणून त्याच्या बाजूने बोलायला कोणी उभे राहत नाही. १८९६च्या संकटात मुंबईला त्याची आठवण झाली ती हजारो माणसे गमावल्यानंतर. पुढच्या पिढीला ती आठवण तशाच रीतीने व्हावी, अशी आपली इच्छा नसेल, तर नकाशावर सही करण्यापूर्वी हातात एक मोजपट्टी घेतलेली बरी.